भुऱ्याच्या चावण्याच्या नोंदी : साडेपाच ते नऊ महिने

गाव दारव्हा तालुक्यातलं, जिल्हा यवतमाळ. सहा एकर कोरडवाहू, त्यात कापूस, तूर आणि थोडा हरभरा. भुऱ्या गावठी कुत्रा, नर, मे महिन्याच्या अखेरीस शेजारच्या पऱ्हाट्यांच्या (कापसाच्या वाळक्या झाडांच्या) ढिगात जन्मलेला. रानडुकरं आणि रोही (नीलगाई) यांच्यापासून पीक राखायला म्हणून आणला. पिल्लू होतं तोवर सगळ्यांचं लाडकं होतं. सहा महिन्यांकडे झुकलं तसं अंगावर यायला लागलं आणि घरात रोजचं भांडण सुरू झालं. या नोंदी मी पोराच्या जुन्या वहीत ठेवल्या. ज्यांच्या घरी असंच चाललं असेल त्यांच्यासाठी उतरवते आहे. आमच्या चुका जशा झाल्या तशाच ठेवल्या आहेत.

९ नोव्हेंबर
आज मोजलं. सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत १४ वेळा चावला. बाही, टाच, माझा पदर, पोराची चड्डी. रक्त नाही, पण पोराच्या दंडावर दातांचे निळे वण आहेत.

आम्ही आतापर्यंत "दात येऊन रायले, म्हणून चावते" असं म्हणत होतो. दुधाचे २८ दात पडून पक्के ४२ येतात, तोपर्यंत हिरड्या शिवशिवतात, हे खरं आहे. पण दुधाचा शेवटचा सुळा मागच्या आठवड्यात अंगणात सापडला. दात आले, चावणं थांबलं नाही. उलट आता जबड्यात जोर आला आहे.

पहिली चूक आजच लिहून ठेवते. आम्ही त्याला ५ आठवड्यांचा असताना आईपासून उचलला, कारण पाऊस लागला होता आणि दया आली. किती जोरात चावलं की समोरच्याला दुखतं, हे पिल्लू भावंडांशी खेळताना शिकतं. जोरात धरलं की भावंड केकाटतं आणि खेळ मोडतो. निदान ८ आठवडे तरी त्याला तिथे राहू द्यायला हवं होतं. ती शाळा आम्ही बुडवली, आता घरी भरवायची आहे.

१३ नोव्हेंबर
आतापर्यंत काय काय केलं आणि त्याचं काय झालं:

चप्पल मारली. पळाला, दोन मिनिटांनी परत येऊन चप्पलच धरली. आता चप्पल हातात दिसली की झेप घेतो.

तोंड मुठीत दाबून धरलं. हे मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, सांगितलं होतं. तीन दिवसांत हात तोंडाकडे नेला की तो हातावरच यायला लागला.

पोरगा ओरडत पळतो. पळालं की भुऱ्या मागे लागतो, गाठतो, टाच धरतो. त्याच्यासाठी तो खेळच आहे आणि रोज तोच जिंकतो.

१६ नोव्हेंबर
माझा भाचा नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकतो. त्याला फोन केला. मला वाटलं तो औषध सांगेल. तो म्हणाला, "मावशी, आठ दिवस नुसतं लिही. किती वाजता चावला, कुठं, त्याच्या आधी काय चाललं होतं. मारू नोको, शिकवू नोको, लिही."

वहीत चार रकाने आखले.

२४ नोव्हेंबर
१७ ते २३, सात दिवसांत ६१ वेळा. त्यातले ३८ संध्याकाळी ६ ते ८ या दोन तासांत. ११ वेळा आधी कुणीतरी डोक्यावर हात फिरवला होता. ७ वेळा झोपेतून उठवलं होतं. बाकीचे इकडचे तिकडचे.

मला संध्याकाळचा आकडा खरा वाटेना, म्हणून दोनदा मोजला. मग त्याचा दिवस आठवून पाहिला. सकाळी ७ला आमच्यासोबत शेतात. तिथे पांदणीच्या (शेताकडे जाणाऱ्या वाटेच्या) कडेला कडुलिंबाखाली साखळीला. दिवसभर वेचणीच्या बाया, मोटरसायकली, बैलगाड्या, प्रत्येकावर भुंकणं. डोळा लागला तर दहा मिनिटं. संध्याकाळी घरी आला की चुलीचा धूर, टीव्ही, गल्लीतली पाच-सहा पोरं. या वयाच्या पिल्लाला रात्र-दिवस मिळून १६ ते १८ तास झोप लागते. याची ९-१० तासांच्या वर होत नव्हती. तान्हं मूल जागरणानं किरकिरं होतं तसाच हा होत होता, फक्त याच्या तोंडात ४२ दात आहेत.

२५ ते ३० नोव्हेंबर
ठरवलं की शेतातून आलं की साडेपाच ते साडेसात गोठ्याच्या कोपऱ्यात झोपवायचं. खाली बारदान, दोन बाजूंनी आडोसा.

पहिला दिवस फसला. बांधून निघून आले. दोन तास केकाटला आणि बैलाचा नवा कासरा कुरतडला, १५० रुपये गेले. दुसरा दिवसही तसाच. तिसऱ्या दिवशी मी तिथेच पाट टाकून लसूण सोलत बसले, त्याच्याकडे न बघता, न बोलता. खाटकाकडून आणलेलं बकऱ्याचं कच्चं मोठं हाड दिलं, समोर बसून चघळू दिलं. (शिजवलेलं हाड देत होतो ते बंद केलं. त्याच्या चिरफळ्या होतात आणि आतड्यात रुततात.) अर्ध्या तासात हाड सोडून मान टाकली. पाचव्या दिवसापासून मी बसले नाही तरी झोपतो.

शेतावरही दुपारी दोन तास त्याला वाटेवरून हलवून बंडीच्या (बैलगाडीच्या) सावलीत बांधायला सुरुवात केली.

१ डिसेंबर
या आठवड्यात ३४. जवळजवळ निम्म्यावर आलं आणि त्यासाठी काही शिकवावं लागलं नाही. पोराला मात्र एक शिकवलं: भुऱ्या अंगावर आला की पळायचं नाही, ओरडायचं नाही. हात छातीशी बांधून खांबासारखं उभं राहायचं, तोंड फिरवायचं. चावायला मजा उरत नाही. पोराला दोन दिवस जमलं नाही, तिसऱ्या दिवशी जमलं. झोपलेल्या भुऱ्याला हात लावायचा नाही, हा नियम मोठ्यांनाही लागू केला.

४ डिसेंबर
नवी गोष्ट. त्याच्या भाकरीचं टोपलं त्याच्यासमोर असताना मामाजी जवळून गेले तर गुरगुरला. मामाजींनी काठी घातली. म्हणाले, "ज्याची भाकर खाते त्याच्यावर गुरगुरते? हे चालू देनार नाई म्या." घरचे काही बोलले नाहीत. मीही बोलले नाही. मलाही तेव्हा ते बरोबरच वाटलं.

१२ डिसेंबर
आठ दिवसांत पाच-सहा वेळा काठी बसली. आता टोपल्याजवळ गेलं तरी गुरगुरत नाही. वहीत मी आज असं लिहिलं होतं: "गुरगुरणं बंद. छान झालं." त्याखाली दोन रेघा ओढल्या आहेत. त्या खोडल्या नाहीत, तशाच आहेत.

१५ डिसेंबर
वेचणीच्या एका काकूंना चावला. पोटरीला, दोन दात खोल, रक्त आलं.

जेवणाची सुट्टी होती. भुऱ्या साखळीला होता, कुणीतरी त्याला भाकरीचा तुकडा टाकला होता. काकूंचा डबा तिथेच धुऱ्यावर (बांधावर). त्या डबा घ्यायला वाकल्या. मी दहा पावलांवर होते आणि मी बघत होते. तो चघळायचा थांबला. मान तुकड्यावर खाली गेली, अंग ताठ झालं, डोळ्याचा पांढरा भाग कोपऱ्यातून दिसला. आवाज काहीच नाही. मला वाटलं, आता शहाणा झाला, गुरगुरत नाही. पुढच्या क्षणी चावला.

गुरगुरणं म्हणजे "लांब राहा" असं सांगणं होतं. आम्ही काठीनं ते सांगणंच बंद पाडलं. भाकर हिसकावली जाईल ही भीती आत तशीच होती, उलट काठीमुळे वाढली होती. गुरगुरला असता तर काकू मागे सरल्या असत्या. हा चावा आमच्या घरानं घडवला आहे आणि काकूंच्या पोटरीवर उमटला आहे. हे मी त्या रात्री लिहिलं आणि अजूनही माझं मत तेच आहे.

जखमेचं काय केलं ते लिहिते, कारण तिथे गोंधळ झाला. एक जण चुना घेऊन आली, दुसरी तिखट भरायला सांगत होती. मी दोन्ही अडवलं. मोटर चालू करून वाहत्या पाण्याखाली कपड्याच्या साबणानं १५ मिनिटं धुतलं, घड्याळ लावून. पट्टी बांधली नाही. तिथून सरळ मोटरसायकलवर तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात. भुऱ्याला सप्टेंबरात तीन महिन्यांचा झाल्यावर रेबीजची लस दिली होती, महिन्यानं दुसरी. कार्ड सोबत नेलं. तरीही डॉक्टर म्हणाल्या, रक्त आलं आहे, उपचार पूर्ण घ्यायचे. जखमेभोवती सिरम (रेबीजविरोधी इंजेक्शन) आणि हातात लस. पुढच्या लसी १८ डिसेंबर, २२ डिसेंबर आणि १२ जानेवारीला. लस, सिरम फुकट. चार खेपांचं पेट्रोल ४८० रुपये. चार दिवसांची मजुरी मी काकूंना दिली, १२०० रुपये. त्या नको म्हणत होत्या. कुत्र्यावर १० दिवस नजर ठेवायला सांगितलं.

१६ डिसेंबर
सकाळी गल्लीतले चार जण आले. अडाण नदीच्या पलीकडे सोडून या म्हणाले. मामाजींचंही तेच मत पडलं. मी म्हटलं, १० दिवस तर त्याला बांधूनच ठेवायचा आहे, दवाखान्याचं सांगणं आहे, त्यानंतर बोलू. मनात होतं की इथे चावायला शिकलेला कुत्रा दुसऱ्या गावात सोडणं म्हणजे तिथल्या एखाद्या लेकरावर सोडणं.

काकूंकडे गेले. त्या पाय वर घेऊन बाजेवर बसल्या होत्या. म्हणाल्या, "म्या त्याच्या तोंडापाशी हात नेला माय. पन त्यानं आवाज तरी द्यायचा." मला उत्तर देता आलं नाही.

१८ डिसेंबर
काकूंची दुसरी लस झाली. परत येताना पशुवैद्यकीय दवाखान्यात भुऱ्याचं सगळं सांगितलं. डॉक्टर साहेब दुपारी गावात दुसऱ्या कामाला येणार होते, ते घरी आले. तोंड कपड्यानं बांधून तपासला. उजवा कान उघडला तर आत गोचिडांचा घोस आणि पू. कान फुटलेला होता.

वही काढली. नोव्हेंबरच्या त्या आठवड्यात ११ वेळा "डोक्यावर हात" असं मीच लिहिलं होतं. लिहिलं, मोजलं, आणि कान उघडून बघितला नाही. महिनाभर आम्ही लाडानं त्याच्या दुखऱ्या कानावर हात फिरवत होतो आणि तो चावला की त्याला मारत होतो. एकाएकी चावरेपणा वाढला तर सगळ्यात आधी अंग तपासा: कान, दात, पंजे, शेपटीखाली, ताप. मी हे सगळ्यात शेवटी केलं आणि पाच आठवडे वाया घालवले.

औषध ७ दिवस, ४२० रुपये. गोचिडांसाठी डॉक्टरांनी वजन बघून वेगळं औषध दिलं. गोठ्यातलं गुरांचं औषध त्याच मापानं कुत्र्याला लावायचं नाही, तो अंग चाटतो आणि विष पोटात जातं, हे त्यांनी दोनदा बजावलं.

२१ ते २७ डिसेंबर : मुसकं
शेतात माणसं असताना तोंडाला काहीतरी हवं होतं. आधी कापडी पट्टा बांधून पाहिला, तो चूक होता. तोंड उघडता येत नाही, जीभ बाहेर काढून धापता येत नाही. आमच्या उन्हात जीव जाईल. दोन मिनिटांत काढला.

मग डवरणीच्या वेळी बैलाला घालतो ते मुसकं आठवलं. मामाजींनी सुतळीचं लहान मुसकं विणलं, ५० रुपयांची सुतळी. पहिलं तोंडाला चिकटून बसलं. दुसरं खोलगट विणलं, आत तोंड उघडतं, जीभ बाहेर येते, पाणी पिता येतं. सहा दिवस नुसतं मुसक्याच्या तळाशी कोंबडीच्या कलेजीचा नखाएवढा तुकडा ठेवायचा, त्यानं आपणहून तोंड घालायचं, खायचं, बाहेर काढायचं. बांधलं सातव्या दिवशी. एकदाच पंजा मारला. एकटा असताना घालायचं नाही आणि तासाभराच्या वर ठेवायचं नाही.

२५ला दहा दिवस पूर्ण झाले. भुऱ्या ठणठणीत. काकूंना जाऊन सांगितलं.

२८ डिसेंबर ते १० जानेवारी : टोपलं
इथे सगळ्यात जास्त वेळ गेला.

भाच्यानं पद्धत सांगितली. तो खात असताना सहा फुटांवरून जायचं, कलेजीचा तुकडा टोपल्यात फेकायचा आणि न थांबता पुढे जायचं. काढून काहीच घ्यायचं नाही. माणूस जवळ आला की जिन्नस जात नाही, आणखी चांगला येतो, हे त्याच्या मनात बसलं पाहिजे. रोज अर्धा फूट जवळ. अंग ताठलं किंवा चघळणं थांबलं, तर त्या दिवशी आपण जास्त जवळ गेलो असं समजायचं आणि दुसऱ्या दिवशी मागे सरायचं.

आठव्या दिवसापर्यंत अडीच फुटांवर आले. नवव्या दिवशी नणंद आली होती. तिला दाखवायला म्हणून मी एकदम टोपलं उचललं. तो थिजला. मी टोपलं सोडून मागे झाले. दुसऱ्या दिवशी पुन्हा चार फुटांवरून सुरुवात करावी लागली. चार दिवस गेले.

मामाजी बाजेवरून रोज हे बघायचे आणि मान हलवायचे. ५ जानेवारीला मी तुकडे कापत होते, तेव्हा आपणहून म्हणाले, "गोऱ्ह्याले काही पह्यल्याच दिवशी औताले नाई जुंपत. आधी खांद्यावर हात, मंग नुसतं जू, मंग रिकामं औत. घाई केली का तो जनमभर बुजते." जन्मभर त्यांनी बैल शिकवले आहेत. मी तीन आठवडे त्यांना भाच्याचं सांगत होते आणि जे ते आधीच जाणत होते तेच त्यांना माझ्याकडून पटत नव्हतं. मी काही बोलले नाही, तुकड्यांची वाटी पुढे केली. त्यांनी सहा फुटांवरून पहिला तुकडा फेकला. तो टोपल्याबाहेर पडला. दुसरा बरोबर पडला. तेव्हापासून संध्याकाळचं टोपलं तेच बघतात. काठी गोठ्याच्या वळचणीला गेली.

१४ जानेवारी
संक्रांत. हळदीकुंकवाला बाया येणार म्हणून चारलाच भुऱ्याला हाड देऊन गोठ्यात ठेवला. झोपला. त्या दिवशी शून्य. असं पहिल्यांदाच झालं.

१९ जानेवारी
पुन्हा बिघडलं. आठवा महिना भरत आला आहे. घरात शांत, पण शेतात पांदणीवरून सायकल गेली की साखळी ताणून दोन पायांवर उभा राहतो, तोंडाला फेस येईपर्यंत भुंकतो. आज तिथे आडव्या आलेल्या माझ्या हाताला दात लागले. राग सायकलीचा होता, हात मधे आला. अशा वेळी पट्टा धरायला जाऊ नये.

२२ ते ३० जानेवारी
साखळीच त्याला तापवत होती. ज्याच्याकडे जायचं त्याच्याकडे जाता येत नाही, नको त्यापासून पळताही येत नाही. बदल केले:

बांधायची जागा वाटेपासून आत धुऱ्यावर नेली. कडुलिंब आणि बोर यांच्यामध्ये ४० फूट जीआय तार ताणली, २६० रुपये. तारेत लोखंडी कडी, कडीत साखळी, म्हणजे त्याला ये-जा करता येते. कडी ४० रुपयांची. पहिल्याच दिवशी बोरीला सात वेढे घालून अडकून बसला. तारेला दोन्ही झाडांपासून पाच फुटांवर गाठी मारल्या, कडी तिथेच थांबते.

तूर निघाली होती. तुऱ्हाट्यांचा (तुरीच्या वाळक्या काड्यांचा) कूड, म्हणजे आडोशाची भिंत, करून पांदणीच्या बाजूला उभा केला. सायकल दिसतच नाही. खर्च शून्य आणि या सगळ्यात जास्त फरक याच कुडानं पडला. मी आधी याच्यावर हसले होते, कल्पना पोराची होती.

रात्री जागलीला (पिकाच्या राखणीला) घरचे त्याला मोकळा सोडतात. २७ला रानडुकरांचा कळप हरभऱ्यात शिरला, भुऱ्या मचाणाखालून भुंकत राहिला, अंगावर गेला नाही. तेवढंच हवं होतं.

८ फेब्रुवारी
खच्चीकरणाबद्दल डॉक्टर साहेबांना विचारलं. गावात सगळे म्हणतात की ते केलं की कुत्रा चावायचा थांबतो. त्यांचं म्हणणं, मादीमागे गावभर फिरणं आणि त्यावरून होणाऱ्या मारामाऱ्या कमी होतील. भीतीनं किंवा टोपल्यावरून होणारं चावणं त्यानं जाणार नाही, ते शिकवूनच जाईल. मार्चमध्ये करायचं ठरलं, ऊन चढायच्या आत.

१६ फेब्रुवारी
संध्याकाळी टोपल्यात ताकात भिजवलेली भाकर. गोठ्यातलं वासरू सुटून टोपल्याकडे आलं. भुऱ्यानं मान खाली घातली, ओठ वर केला आणि गुरगुरला. स्पष्ट, आम्हा सगळ्यांना ऐकू येईल असा. मामाजी उठले. माझा जीव वर झाला. त्यांनी वासराचं दावं धरलं, त्याला मागे ओढलं आणि भुऱ्याला म्हणाले, "आयकलं बापा, आयकलं."

दोन महिन्यांनी आवाज परत आला. वहीत लिहिताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

२३ फेब्रुवारी
या आठवड्यात ३. तिन्ही बाहीला, तिन्ही हलके, वण नाही.

आतापर्यंतचा खर्च: कानाचं औषध ४२०, पेट्रोल ४८०, काकूंची मजुरी १२००, कलेजी ५४०, हाडं २४०, तार आणि कडी ३००, सुतळी ५०, कासरा १५०. एकूण ३३८० रुपये.

अजून न जमलेलं: अनोळखी माणूस टोपल्याजवळ आला तर अंग ताठतं, म्हणून जेवण फक्त गोठ्यात. नखं कापू देत नाही. उन्हाळ्यात तारेवरची जागा तापेल, एप्रिलच्या आत दोन्ही टोकांना मांडव आणि पाण्याचा रांजण करायचा आहे.

उद्यापासून हरभऱ्याची सोंगणी. काकू येणार आहेत. त्यांचा डबा बंडीवर ठेवायचा, भुऱ्या तारेवर आणि तोंडाला मुसकं. वाटीभर कलेजी आज रात्रीच कापून ठेवली आहे. काकूंनी विचारलं होतं की लांबून तुकडा टाकला तर चालेल का. मी सांगितलं, सहा फुटांवरून टाका, आणि गुरगुरला तर मागे व्हा.